तेरे नाम कट: मधला भांग आणि गावभरची बोलणी

मागावरचा (धागाकर्ता)

परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. कागदांच्या गठ्ठ्यात आयटीआयचं ओळखपत्र सापडलं, २००४ सालचं. फोटोत मी. मधोमध भांग, दोन्हीकडून केस गालांवर उतरलेले, कान गायब, मागे कॉलर झाकलेली. लेकीने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाबा, तू तेव्हा वाईट होतास का?"

हसून सोडून दिलं, पण नंतर डोक्यातून जाईना. पोरगी सात वर्षांची. तिने तो पिक्चर बघितलेला नाही, त्या काळातली पोरंही बघितलेली नाहीत. मग नुसते केस बघून तिला 'वाईट' कसं सुचलं?

नव्या मंडळींसाठी: 'तेरे नाम' १५ ऑगस्ट २००३ ला लागला. सलमान खानचा राधे, आग्र्यातला, हातात काम नाही, तोंडात भांडण. आणि ते केस. आमच्या इचलकरंजीत मागावर काम करणारी, सायझिंगमधली (सुताला खळ लावायचं काम), टेम्पोवर क्लीनर असलेली निम्मी पोरं एका वर्षात राधे झाली.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. ऑगस्टात पिक्चर बघून ठरवलं तरी बट हनुवटीपर्यंत यायला पुढचा गणपती उजाडतो. म्हणजे हा कट गल्लीत खरा दिसायला लागला तो पिक्चर थेटरातून उतरून गेल्यावर! मधले सात-आठ महिने ना धड छोटे ना धड मोठे. डोळ्यांत जातात, कानावर काट्यासारखे उभे राहतात, आई रोज जेवताना बोलते. ते दिवस ज्याने काढले त्यालाच तो कट मिळाला. पगार घरी द्यायचा, कपडे दिवाळीला मिळायचे. खिशातला रुपया न घालता आपल्या मनाने वाढवता येईल अशी तेवढी एकच वस्तू होती अंगावर.

तर विचारायचं असं की हा कट आला कुठून, तुमच्याकडे कुणी ठेवला, आणि काय काय ऐकून घेतलं? फोटो असतील तर टाका. हसणार नाही. (हसणार.)

---

नागपुरी_तर्री

आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि मानेवर हे जंगल. बुढा म्हणे, "डोक्यावर कूलरची गवताची ताटी लावून फिरतं का बे?" दोन महिने टिकलो. फोटो नाही, देवाची कृपा.

---

कात्रीवाला

हा धागा म्हणजे आमच्या हक्काचा. तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांचं दुकान आहे. आजोबा धोकटी घेऊन घरोघर जायचे, वडलांनी स्टँडजवळ खुर्ची टाकली, आता मी.

आधी एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं केस वाढू दिले की झाला तेरे नाम. नाही हो. नुसते वाढू दिले की त्याला झिपऱ्या म्हणतात. पुढची बट हनुवटीला, तिथून कानामागे जाताना लांबी थोडी थोडी सोडायची, मागे कॉलरला टेकतील इतकी. टोकाला कात्री उभी धरून केस विरळ करायचे. आडवी चालवली तर वाटी ठेवून कापल्यासारखं दिसतं. आणि भांग नाकाच्या रेषेत. इथंच खरी गंमत, कारण बऱ्याच पोरांना पुढेच भोवरा असतो. भोवऱ्यावर मधला भांग बसतच नाही, केस मांजराच्या शेपटीसारखे उभे राहतात. त्या पोरांना मी सांगायचो, बाबा, तुझ्या डोक्यात राधे नाही. ऐकायची नाहीत. कुरळ्या केसांची पोरं तर रात्री केस ओले करून वर रुमाल आवळून झोपायची. सकाळी दुकानात यायची तेव्हा कपाळावर गाठीचा वळ.

आता धंद्याचं सांगतो, कारण हे कुणी बोलत नाही. हा कट आमच्या मुळावर आला होता. आधी पोरगा महिन्याला एकदा कटिंगला यायचा. केस वाढवायला लागल्यावर तीन-तीन महिने फिरकायचा नाही. आला तरी "काका, कटिंग नको, नुसतं सेट करा." सेट करायला कटिंगपेक्षा दुप्पट वेळ आणि पैसे निम्मे. वर आरसा सोडायचा नाही. पाण्याचा फवारा मारून मारून माझं बोट दुखायचं. वडील म्हणायचे, ह्या राधेला धर आणि मशीन मार.

पण भिंतीवर त्याचंच पोस्टर होतं. वडलांच्या काळात त्याच खिळ्याला बच्चन होता.

---

फिल्मी_किडा

उगमाबद्दल थोडं. 'तेरे नाम' हा १९९९ च्या तमिळ 'सेतु'वरून केला. तिकडे विक्रम आणि दिग्दर्शक बाला, इकडे सतीश कौशिक. गोष्ट बरीचशी तीच, पण हे केस तमिळमधून आलेले नाहीत. ते हिंदीतच उगवले.

आणि कुठून, ते सलमानने टीव्हीवर सांगितलंय. एक म्हणजे 'आशिकी'तला (१९९०) राहुल रॉय, कारण छोट्या गावातल्या हिरोचे केस लांब असतात असं त्याच्या डोक्यात होतं. आणि दुसरे, बसून वाचा, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

---

नागपुरी_तर्री

काहीही. १ एप्रिल आहे का आज?

---

फिल्मी_किडा

@नागपुरी_तर्री, कलामांचा फोटो काढा आणि चेहरा हाताने झाकून बघा. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी कमानीसारखे उतरलेले केस, कान अर्धे झाकलेले. थांबलो, आता बोला.

आणि योगायोग बघा. कलाम जुलै २००२ मध्ये राष्ट्रपती झाले. १५ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रपती देशाला उद्देशून बोलतात. म्हणजे १४ ऑगस्टला ज्या केसांसमोर सगळं घर टीव्ही लावून गप्प बसलं, तेच केस दुसऱ्या दिवशी थेटरात आले आणि टवाळ ठरले.

---

मागावरचा

किडाभाऊ, हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. आमच्या आयटीआयच्या ऑफिसात कलामांची तसबीर होती. तिच्याखाली उभं राहून मी केसांवरून शिव्या खाल्ल्यात.

---

निवृत्त_फळा

मी शिकवत होते त्या काळात. नववी-दहावीचे वर्ग. शाळेचं नाव घेत नाही.

आमच्याकडे नियम होता: केस कानावर आले की मुलाला घरी पाठवायचं, कापून आला की वर्गात. पीटीचे सर तर टेबलाच्या खणात कात्रीच ठेवत. एकाच बाजूची बट कापायचे, म्हणजे दुसरी कापायला मुलगा न्हाव्याकडे जाणारच. तेव्हा सगळ्या शिक्षकखोलीला हे फार हुशारीचं वाटायचं. मलाही.

कबूल करते. एकाच आठवड्यात मी दोन मुलांना केसांवरून हटकलं. एक नदीकाठच्या वस्तीतला, वडील हमाल. त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिरो झालास का? वडील पाठीवर पोती वाहतात आणि तुझी ही थेरं?" दुसरा एका डॉक्टरांचा मुलगा. त्याला तास संपल्यावर बाहेर बोलावून सांगितलं, "अरे, बोर्डाची परीक्षा जवळ आली, डोळ्यांवर येतात ना केस?" केसांची लांबी तीच होती. पहिला मुलगा दुसऱ्या दिवशी केस कापून आला आणि मग महिनाभर मागच्या बाकावर खाली मान घालून बसायचा.

हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. धाग्याचा विषय हलकाफुलका होता, माफ करा.

---

पारावरचा

मावशी, माफी कसली. लिहीत राहा.

---

जुनी_वही

आपल्याकडे पुरुषाच्या डोक्यावर गावाने लक्ष ठेवणं नवीन नाही. शेंडी, घेरा, संजाब, झुलपं, कल्ले हे नुसते शब्द बघा. डोक्यावर किती ठेवलंय आणि किती काढलंय यावरून माणसाची जात, वय, घरात सुतक आहे का, सगळं रस्त्यावर कळायचं. एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या तरुणांनी शेंडी काढून इंग्रजी वळणाचे केस राखले तर घरात जेवणं बंद व्हायची. पुढे देव आनंदचा काळ आला आणि कपाळावर केस फुगवले की त्याला 'कोंबडा' म्हणायला लागले. मग सत्तरीत कान झाकणारा बच्चन. प्रत्येक वेळी आधीच्या पिढीला वाटलं की आता बुडालं सगळं.

अवांतर: कात्रीवाल्यांच्या जमातीनेही या राज्यात हत्यार खाली ठेवून दाखवलंय. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. केस कापायचे की नाही हे न्हाव्याने ठरवल्याचं ते दुर्मीळ उदाहरण.

---

कात्रीवाला

@जुनी_वही, हे आमच्या दुकानात चौकट करून लावलंय. गिऱ्हाईक विचारत नाही, पण लावलंय.

---

चाकणचा_टर्नर

मूळ बीड, २००५ ला इकडे आलो, लेथवर. धागा वाचून राहवलं नाही म्हणून नोंदणी केली.

सगळे म्हणतात तेरे नाम कट म्हणजे रिकामटेकड्यांचा. मी बारा-बारा तासांच्या पाळ्या करून ठेवला होता राव. आमच्या खोलीत सहा जण, त्यातल्या चौघांचा तोच. सहाही जण कामावर. पिक्चरमधला राधे काही काम करत नव्हता, पण त्याचे केस ठेवणाऱ्यांत मी तरी कामाशिवायचा माणूस फार बघितला नाही. रिकामा पोरगा बापाच्या तावडीत असतो, त्याला बाप केस वाढवू देतोय होय?

लेथवर मात्र हा कट जीवघेणा. लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडून चक फिरत असतो आणि तो बघायला तुम्ही वाकता. बट पुढे आली की संपलं. शेजारच्या शेडमध्ये ड्रिलवर एकाची बट स्पिंडलमध्ये गेली. नशीब म्हणून बटन हाताशी होतं, केसांबरोबर तळहाताएवढी कातडी निघाली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांना टोप्या दिल्या आणि म्हणाला, टोपीत मावतील तेवढेच ठेवा. आम्ही मग केस वर गोळा करून टोपीत कोंबायचो आणि सुटी झाली की गेटबाहेर टोपी काढून डोकं झटकायचो. बारा तास घामात दबलेले केस, त्यांचा कसला राधे होतोय! बाहेर टपरीवर आरशाचा तुकडा लावला होता, तिथं रांग लागायची.

सिक्युरिटीवाला आम्हाला बघून म्हणायचा, "सलमान कंपनी सुटली."

---

मागावरचा

"सलमान कंपनी सुटली"! मागावर टोपी बिपी काही नव्हतं. पाळी संपली की केसांत कापसाचे तंतू, विशीतच पिकलेलं डोकं. पट्ट्यापाशी जाताना मी केस शर्टाच्या आत घालायचो. आत्ता लिहिताना अंगावर काटा आला.

---

गोंदण

सगळे भाऊ छान आठवणी काढतायत, मी जरा मीठ टाकते.

२००४ ला मी अकरावीत. गाव ते कॉलेज एसटीने जायचं. स्टँडवर रोज पाच-सात जण उभे असायचे, सगळ्यांचा हाच कट. तुम्हाला तो पिक्चर राधेच्या प्रेमाचा वाटला असेल. त्यात तो मुलीला उचलून नेतो आणि मग प्रेम आहे म्हणून सांगतो. मुलगी घाबरते आणि पुढे तिलाच त्याचा कळवळा येतो. आमच्या स्टँडवरच्या राधेंनी तेच पाठ केलं होतं. माझ्या मैत्रिणीचं कॉलेज एका बटवाल्यामुळे सुटलं, कारण घरच्यांना सोपं तेच वाटलं. त्याचे केस कुणी कापले नाहीत, तिची शाळा कापली.

त्यामुळे "आम्ही गरीब म्हणून आमच्या केसांना नावं ठेवली" हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं स्टँडवर उभं होतं.

आणि हो, माझ्या सख्ख्या भावाचाही तोच कट होता. वडाप चालवायचा. मला आणि गावातल्या चार पोरींना संध्याकाळी उशीर झाला की गाडी थांबवून न्यायचा, पैसे घ्यायचा नाही. गाडीत बसायच्या आधी नवी एखादी पोरगी त्याचे केस बघून मागं सरायची. मला सांगावं लागायचं, अगं, माझा भाऊ आहे.

---

मागावरचा

ताई, पटलं. प्रामाणिकपणे सांगतो, मीही स्टँडवर उभा असायचो. कुणाच्या मागे गेलो नाही, पण जे जात होते त्यांना "नको रे" असंही कधी म्हटलं नाही. हसायचो.

---

फिल्मी_किडा

गोंदण यांच्या प्रतिसादाला +१. अजून एक भर. पिक्चरच्या दुसऱ्या भागात राधेच्या डोक्याला मार लागतो, वेड लागतं आणि ते केसही जातात, सलमानने खरोखर डोकं भादरलं होतं. म्हणजे गोष्टीनेच त्या केसांना शिक्षा केलीय. लोकांनी फक्त पहिला भाग उचलला.

आणि 'साधना कट' आठवा, १९६० च्या 'लव्ह इन सिमला'चा. तोही एका पिक्चरमधूनच आला, पण आजही पार्लरमध्ये त्याच नावाने मानाने मागतात. 'तेरे नाम' कट मागायचा तर आवाज खाली करावा लागतो.

---

मरीना_बे_वरून

इथे सिंगापुरात सत्तरच्या दशकात सरकारी कचेऱ्यांत फलक लावलेले असायचे: लांब केसवाल्या पुरुषांचं काम सगळ्यात शेवटी. लांब म्हणजे किती, तेही चित्र काढून दाखवलेलं. कपाळावरून भुवईला लागणारे, कान झाकणारे, शर्टाच्या कॉलरखाली उतरणारे. तिन्ही नियमांत राधे नापास. तुमचं रेशनकार्ड झालंच नसतं.

---

नागपुरी_तर्री

आमचं केस बारीक असून पण झालं नाही. हलकेच घ्या.

---

बारावी_पास

मी पुण्यात आहे, वय १९. एक वेगळीच शंका आहे. धागाकर्त्याने जे वर्णन केलंय, मधला भांग, दोन्हीकडे पडदे, ते तर माझे आत्ताचे केस आहेत. याला आम्ही कर्टन्स म्हणतो, कोरियन गायकांमुळे आलेत. एसी सलूनमध्ये ६०० रुपये दिले, शॅम्पू धरून. कॉलेजात कुणी काही बोलत नाही, उलट प्राध्यापिका बाईंनी विचारलं कुठे कापले.

पप्पांनी मात्र बघितल्या बघितल्या कपाळाला हात लावला. म्हणाले, "ह्यासाठी मी बापाचा मार खाल्ला आणि तू पैसे देऊन आलास." मला काही कळलं नव्हतं. आज कळलं.

---

निवृत्त_फळा

@बारावी_पास, बाळ, त्या प्राध्यापिका बाईंना माझा नमस्कार सांग.

---

पारावरचा

कोरियन आणि तेरे नाम एक नाहीत हो. कोरियनमध्ये कानावर बारीक असतात, मागे पण. उगाच सगळं एकाच पोत्यात घालू नका.

---

चाकणचा_टर्नर

कान दिसतोय म्हणून ६०० रुपये का? ;)

---

मागावरचा

माझे केस कसे गेले ते सांगतो, म्हणजे ओळखपत्राची गोष्ट पुरी होईल. मारून मुटकून नाही गेले. वडील त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, जे बोलायचे ते आई बोलायची. अप्रेंटिसचं पत्र आलं, मुलाखत बुधवारी. मंगळवारी रात्री वडील पाळीवरून आले, उंबऱ्यात बसून चप्पल काढता काढता म्हणाले, "उद्या कान दिसू देत." एवढंच. सकाळी सातला न्हाव्याच्या दारात उभा होतो. नोकरी लागली. पंधरा दिवसांनी वडलांनी विचारलं, आता वाढवणार का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बरे दिसत होते की."

दीड वर्ष गप्प बसलेला माणूस हे तेव्हा बोलला!

लेकीला काल सांगितलं की वाईट नव्हतो, रात्रपाळीला होतो. तिने विचारलं, मग केस का कापलेस? ह्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

---

कात्रीवाला

धागा चार दिवस वाचतोय, आज दुकानातली ताजी गोष्ट. सकाळी एक पोरगा आला, अठराचा असेल, वडील सेंट्रिंगचं काम करतात. मोबाईल पुढे धरला, कुणीतरी कोरियन पोरगा. म्हणाला, "काका, असा जमेल?" मी बघितलं आणि हसू आवरेना. म्हटलं, "अरे, हा तर तेरे नाम." पोरगं एकदम गंभीर झालं. "नाही काका, ते टपोरी लोकांचं. हे वेगळं आहे."

भिंतीकडे बघितलं. खिळा अजून आहे, पोस्टर केव्हाच गेलं. म्हटलं, बस. फवारा मारला, कंगवा नाकाच्या रेषेत धरला. पुढे भोवरा निघाला.